झैनब कुठे सापडेल?

मला बोलायला सांगितलं तेव्हा संयोजकांना वाटलं असेल, हा सॉफ्टवेअरवाला आहे, करिअरवर बोलेल. पण मी आज शब्द क्रमाने लावण्याबद्दल बोलणार आहे.

चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत होतो, पाचवीला मराठी शाळेत आलो. सरांनी शब्दकोश हातात दिला आणि एक शब्द शोधायला सांगितलं. मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. वर्ग हसला. शब्दकोश असा वाचायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिनिअरिंगला सॉर्टिंगचे पाच-सहा प्रकार घोकले, तेव्हाही तो वर्ग आठवत होता.

म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या रविवारच्या वर्गात मी हेच आधी घेतो. मुलांच्या नावांच्याच चिठ्ठ्या करतो. सलमा, सादिक, सिकंदर, सुलताना, सैफ, सोहेल. सगळे 'स'चे, मग पुढे काय? बाराखडी म्हणा, आपोआप रांग लागते. जोडाक्षर बाराखडी संपल्यावर, म्हणजे 'स्वप्ना' सोहेलच्याही मागे. एवढं कळायला मुलांना अर्धा तास पुरतो. ओरडत, भांडत लावतात.

उर्दू शाळेतली मुलं मात्र अडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. बे, पे, ते, टे, से यांचा आकार एकच, फरक वरच्या-खालच्या खुणांचा. तिथे क्रम बराचसा डोळ्यांनी लागतो. मराठीत तो तोंडाने लागतो. क-ख-ग घशातून, प-फ-ब ओठांवर. मी त्यांना बसऱ्याच्या खलील इब्न अहमदची गोष्ट सांगतो. आठव्या शतकात त्याने अरबीचा पहिला शब्दकोश रचायला घेतला, तोही घशापासून ओठांकडे. सुरुवात 'ऐन'ने, म्हणून नावच 'किताबुल ऐन'. हे ऐकलं की मुलं क-ख-ग म्हणताना गळ्याला हात लावून बघतात. परकी वाटणारी वर्णमाला थोडी जवळ येते.

कॉम्प्युटरलाही हे शिकवावं लागतं बरं का. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याला ल च्या लगेच पुढचा क्रमांक दिलाय. त्यामुळे नुसतं 'क्रमाने लाव' म्हटलं, तर काझी, काळे, कासिम अशी यादी मिळते. मराठी पद्धतीने लावायला सांगितलं, तरच कासिम आधी आणि काळे मागे. माझ्या कामात ही चूक मी स्वतः एकदा केली आहे.

पण चिठ्ठ्यांचा खरा घोळ 'झैनब'वर झाला. एका मुलीने स्वतःची चिठ्ठी 'झ'मध्ये ठेवली. तिची मैत्रीण म्हणाली, "हजेरीत तर तू 'ज'मध्ये आहेस." दोघीही बरोबर होत्या. शाळेत जैनब, रेशनकार्डावर झैनब. उर्दूतल्या 'ज़े'ला मराठीत स्वतःचं अक्षर नाही. लिहिणारा कारकून कधी ज लिहितो, कधी झ. महंमद, मुहम्मद, मोहम्मद यांचंही तेच. सय्यद आणि सैयद तर यादीत पानं सोडून बसतात. आणि खिडकीपलीकडचा माणूस एकाच ठिकाणी बघतो, मान हलवतो, "नाव नाही."

पुढच्या रविवारी मुलांना घरातले कागद पाहून यायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येकाकडे एखादं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. आता आम्ही वहीत प्रत्येक नाव सगळ्या रूपांनी लिहितो आणि प्रत्येक रूप यादीत कुठे पडेल तेही लिहितो. दुरुस्तीचे अर्ज मोठी मुलं भरतात.

झैनबची अम्मी पिशवीभर कागद घेऊन आली होती. अर्ज भरायचा तर एक नाव ठरवायला हवं. मी विचारलं, "तुम्ही कोणतं ठेवलं होतं?"

त्या म्हणाल्या, "मी तर उर्दूत लिहून दिलं होतं, भाई."