टॉवेलवरील यांत्रिक भरतकाम



ज्यानें आयुष्यभर फळ्यावर खडूनें अक्षरें गिरविलीं, त्यानें टॉवेलवरील भरतकामाविषयीं बोलावें, हें कांहींसें विचित्र वाटेल. परंतु आमच्या सूनबाईंनीं बचत गटाच्या कर्जावर भरतकामाचें यंत्र घेतलें, आणि सेवानिवृत्तीनंतर त्या धंद्याचा हिशेब व नक्षींतील अक्षरें माझ्याकडे आलीं. त्यांत मीं एक चूक केली. तीच आजच्या भाषणाचें निमित्त आहे.

एका लग्नाच्या रुखवतासाठीं बारा टॉवेलांवर ‘शुभमंगल’ हा शब्द भरावयाचा होता. माझें अक्षर बारीक व वळणदार. तें जसेंच्या तसें उतरावें असा मीं हट्ट धरला. यंत्रावरून निघालें तेव्हां काम सुरेख दिसलें. पण दुसऱ्या धुण्यानंतर टॉवेल परत आले, तेव्हां सुताचे फांसे अक्षरांतून वर डोकावत होते आणि अनुस्वार तर पार बुडाला होता. ‘शुभमगल’! अनुस्वार गाळल्याबद्दल जन्मभर मुलांचे गुण कापणाऱ्या मास्तराची ही शोभा! बाराही टॉवेल पदरमोड करून पुन्हां भरून द्यावे लागले. कर्जाचा एक हप्ता त्यांतच गेला.

असें कां झालें? उत्तर टॉवेलच्या विणींत आहे. सोलापूरच्या प्रसिद्ध टॉवेलांसारख्या फांसेदार कापडांत ताण्याचे दोन संच असतात. एक ताठ ओढलेला, तो कापडाचा पाया. दुसरा सैल सोडलेला. बहुधा तीन आडवे धागे पडले, कीं फणी त्यांना एकदम पुढें ठोकते, आणि सैल धाग्यांचे फांसे वर उभे राहतात. हेच फांसे पाणी शोषतात, व हेच टांके गिळतात. टांका जमिनीवर नव्हे, गवतावर घालावयाचा आहे, एवढें ध्यानांत धरलें म्हणजे पुढील नियम आपोआप समजतात.

प्रथम टॉवेल धुवून वाळवावा. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाहीं. न धुतां भरल्यास नक्षीभोंवतीं चुण्या पडतात.

दुसरें, जाड टॉवेल रिंगेंत आवळूं नये. फांसे चेपून वळ उठतो. रिंगेंत बॅकिंगचा कागद ताणून बसवावा आणि टॉवेल त्यावर पसरून कडेनें सैल टांक्यांनीं धरावा.

तिसरें, टॉवेलवर पाण्यांत विरघळणारा पातळ, पारदर्शक पापुद्रा अंथरावा. तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पदार्थाचा असतो. या पदार्थाचा शोध जर्मनींत १९२४ सालीं लागला. टांके पडेपर्यंत हा पापुद्रा फांसे दाबून धरतो व नंतर धुतला जातो. पण तो गेल्यावर फांसे दाबणार कोण? यासाठीं अक्षरांखालीं टॉवेलच्याच रंगाच्या दोऱ्यानें विरळ जाळी आधीं भरावी व ती अक्षरांच्या कडेबाहेर थोडी येऊं द्यावी. आमच्या कामांत पापुद्रा होता, जाळी नव्हती; म्हणूनच प्रथम सुरेख दिसलेलें काम दोन धुण्यांत बिघडलें.

सुई नवी व टोंकदार, ७५/११ क्रमांकाची घ्यावी. टॉवेलची उलट बाजूहि लोकांस दिसते. तेव्हां बॉबिनमध्येंहि वरच्याच रंगाचा दोरा भरावा.

आतां अक्षरांविषयीं. रेघ निदान ३ मिलिमीटर रुंद असावी. आपल्या लिपींत अनुस्वार, उकार, रफार हीं लहान चिन्हें अर्थ वाहतात, आणि तींच आधीं बुडतात. म्हणून तीं मोठीं व शिरोरेघेपासून अगर अक्षरापासून स्पष्ट दिसतील अशीं काढावीं. कोणास बारीकच अक्षर हवें असेल, तर टॉवेलच्या टोंकाशीं बिनफांशांची सपाट पट्टी असते, तीवर भरावें.

शेवटचें सांगणें हें, कीं एका जुन्या टॉवेलच्या तुकड्यावर नमुना भरून तो दोनदां धुवावा, आणि मगच गिऱ्हाइकाचें कापड हातीं घ्यावें. भरतकामाची खरी परीक्षा रिंगेंत होत नाहीं, मोरीवर होते.

आमच्या घरीं हल्लीं शब्द मी लिहितों. रेघेची जाडी मात्र सूनबाई ठरवितात. नमुना धुवून आला, कीं चष्मा लावून मी प्रथम अनुस्वार पाहतों.