विधिमहाविद्यालयाचे रौप्यनाणे

श्रोतेहो, निजामी अमदानीत आमच्या परळीच्या पेठेला दोन रुपये ठाऊक होते: चारमिनारचे चित्र मिरवणारा राज्यातला हाली, आणि इंग्रजी मुलुखातला कलदार. शंभर कलदारांस सुमारे 116 हाली पडत, आणि वैजनाथाच्या दर्शनास बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूस या बट्ट्याचा हिशेब चुकत नसे. नाणे म्हणजे त्या काळी सत्तेची द्वाही. ज्याचा सिक्का, त्याचे फर्मान.

ती अमदानी 1948 च्या सप्टेंबरात संपली, आणि अवघ्या दीड वर्षात, 26 जानेवारी 1950 रोजी, फर्मानाखाली नांदलेली ही रयत संविधानाखालचे नागरिक झाली. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 125 व्या जयंतीनिमित्त भारत सरकारने 6 डिसेंबर 2015 रोजी 125 रुपयांचे स्मारकनाणे काढले. या दर्शनी मूल्याच्या नाण्याचे वजन 35 ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. बाजारात ते चालत नाही. टांकसाळीकडून हौसेने विकत घेऊन जपायचे असते. एका बाजूस अशोकस्तंभावरील सिंह, दुसरीस बाबासाहेबांची मुद्रा. जिथे एके काळी राजाचा सिक्का उमटे तिथे कायद्याच्या अध्यापकाची मुद्रा उमटावी, यापरते मोठे स्थित्यंतर मला ठाऊक नाही.

अध्यापक हा शब्द मी जाणून वापरतो. 1935 साली बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या संस्थेत लोकमान्य टिळकांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि जी मुंबई विद्यापीठाच्याही आधी, 1855 साली सुरू झाली, तीच ही संस्था. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आणि लखनौ विद्यापीठाच्या शताब्दीस सरकारने शंभर रुपयांची नाणी काढली, ते उचितच झाले. मुंबईच्या या विद्यालयास 2030 साली 175 वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने रौप्यनाणे पाडावे, त्यावर विद्यालयाचे नाव नागरी अक्षरांत कोरावे, अशी विनंती केंद्रीय अर्थखात्याकडे आजपासूनच गेली पाहिजे. वकीलमंडळांनी, महाविद्यालयांनी आणि आपणही, श्रोतेहो, तसा अर्ज अवश्य धाडावा.