मोजदाद आणि मदत
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



युद्धात सापडलेल्या निरपराध माणसांना अन्न, औषध, निवारा पोचविण्याची जबाबदारी कोणाची, हा विषय मला दिला आहे. तो ऐकताच आपले लक्ष गाझा, येमेन, सुदान यांकडे जाते. मी मात्र तुम्हाला बेंबळीपासून फार दूर नेणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या. नळदुर्ग त्याच दिवशी पडले आणि पाच दिवसांत निजामी राजवट संपली. त्यापूर्वी रझाकारांनी या मुलुखातील हिंदू रयतेवर जुलूम केला होता. कित्येक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. हे आपल्या व्यासपीठावरून बोलायला आपण कचरू नये. परंतु त्या जुलमाचा सूड रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्यांवरही उगवला गेला.

चौकशीसाठी सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून लोकांच्या जबान्या घेतल्या. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत झाल्याचे त्यांना आढळले. साऱ्या संस्थानात, अगदी सावध अंदाजाने, किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असे त्यांनी लिहिले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी केली. विणकरांनी विणकरांना वाचविले.

हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचकांना पाहता येऊ लागला. तोवर ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्यांतील बहुतेक विधवा अल्लाला प्यारी झाल्या होत्या आणि पोरकी मुले म्हातारी झाली होती. मदतीची पहिली पायरी धान्याचे पोते नव्हे, मोजदाद आहे. किती घरे जळाली, कमावता माणूस कोणाचा गेला, हे सरकारने उघडपणे कबूल केल्याखेरीज पोते कोणाच्या दारी उतरवायचे?

त्यात ‘पोलीस ॲक्शन’ या नावाची भर. युद्धच नव्हे, तर युद्धपीडित कोठले? पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनीव्हा करार झाले. चौथा करार खास नागरिकांसाठी आहे. प्रदेश ज्याच्या ताब्यात, त्याने तेथील रहिवाशांच्या अन्न-औषधाची तरतूद करावी, असे त्याचे ५५ वे कलम सांगते. पंधरा वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी जाणारे अन्न शत्रूनेही वाट देऊन सोडावे, असे २३ वे कलम सांगते. त्याला अटी जोडल्या आहेत, आणि त्या अटींच्या आडच आज ट्रक अडकून पडतात. देशांतर्गत संघर्षासाठी तिसरे कलम आहे. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली. त्यांच्यासाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच जिल्ह्यात घरे बांधून मिळाली. त्यांत उणिवा होत्या, पण याद्या तरी झाल्या. भूकंपाला बाजू नसते, म्हणून याद्या करणे सोपे जाते. युद्धात मेलेला कोणाच्या बाजूचा, हे आधी विचारले जाते.

विद्यार्थी मित्रहो, ऐंशी-नव्वदीतले कोणी घरात वा शेजारी असेल तर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. त्या साली कोण गेले, कोणी लपविले, कोणी भाकरी दिली, हे नावानिशी लिहून घ्या. देणाऱ्याचे नावही गाळू नका. वह्या आपल्या वाचनालयात ठेवता येतील. त्याबद्दल मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे.