आशावादी शेवटाचा हक्क



 चित्रपट मंडळांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने स्वदेशातील चित्रसृष्टीचा आढावा घ्यावा अशी वहिवाट आहे; ती आज बाजूस ठेवून केनियातील वानुरी काहिऊ या दिग्दर्शिकेच्या कारकिर्दीविषयी बोलण्याची मुभा मी मागतो. गंभीर कलाकृती म्हणजे दुःखाची कलाकृती, हे जे समीकरण आपणही नकळत पत्करले आहे, त्याविरुद्ध इतक्या धिटाईने आणि इतकी किंमत मोजून उभी राहिलेली दुसरी समकालीन दिग्दर्शिका मला ठाऊक नाही.

१९८० साली नैरोबीत जन्मलेल्या वानुरींनी इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दिग्दर्शनाचा अभ्यास केला. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबीतील अमेरिकी वकिलातीवर झालेल्या बॉम्बस्फोटात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर त्यांनी ‘फ्रॉम अ व्हिस्पर’ हा आपला पहिला दीर्घ कथापट २००८ साली निर्माण केला. तिशीच्या आत असलेल्या या तरुणीला त्यासाठी आफ्रिकन मूव्ही अकादमीचे दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. याच मार्गाने, शोकाचे आणि हिंसेचे चित्रण करीत, त्या निर्वेधपणे पुढे जाऊ शकल्या असत्या, कारण आफ्रिकेकडून जगाला नेमकी त्याचीच अपेक्षा असते.

परंतु लगोलग आलेला ‘पुम्झी’ हा जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा लघुपट पाहा. जलयुद्ध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्या महायुद्धाला पस्तीस वर्षे लोटली आहेत, भूपृष्ठ निर्जीव झाले आहे, आणि माइतू नावाच्या बंदिस्त वसाहतीत माणसे स्वतःचा घाम व मूत्र शुद्ध करून तेच पाणी पितात, यंत्रांवर व्यायाम करून वीज निर्माण करतात, आणि स्वप्न पडू लागले तर ते दडपण्यासाठी गोळ्या घेतात. तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाची व्यवस्था पाहणाऱ्या आशा या तरुणीला कुणा अज्ञाताकडून मूठभर माती येते, आणि त्या मातीत तिने पेरलेल्या जुन्या बीजाला अंकुर फुटतो. बाहेर पडण्याचा तिचा अर्ज नामंजूर होतो. तेव्हा ती चोरवाटेने निसटते, वाळवंटात ते रोप लावते, आपल्या वाट्याचे उरलेसुरले पाणी त्याला पाजते आणि शेवटी आपल्या देहाची सावली त्यावर धरते. वंगारी माथाई यांनी १९७७ साली केनियातील स्त्रियांच्या हातून वृक्षारोपणाची जी चळवळ उभारली, तिची स्मृती या दृश्यामागे आहे असे मी मानतो; माथाईंवरचा माहितीपट वानुरींनी याच सुमारास केला होता. भविष्यकाळाची कल्पना करण्याचा अधिकार केवळ श्रीमंत राष्ट्रांच्या चित्रपटांना आहे, हा समज या छोट्याशा कृतीने किती सहजपणे दूर केला!

येथून त्यांच्या विचाराला निश्चित रूप येत गेले आणि त्याला त्यांनी ‘आफ्रोबबलगम’ असे खेळकर नाव दिले. आफ्रिकी चित्रपटासाठी बाहेरून येणारा पैसा युद्ध, दुष्काळ, रोगराई अशा ‘महत्त्वाच्या’ विषयांकडे झुकतो, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून त्या कोणत्याही कृतीला तीन प्रश्न विचारतात: हिच्यात दोन तरी आफ्रिकी माणसे निरोगी आहेत काय, ती पैशाने सुस्थितीत असून कुणी उद्धार करण्याची वाट पाहत नाहीत ना, आणि ती जीवनाचा आनंद घेत आहेत काय? हे प्रश्न वरवर हलके वाटतात; मला ते फार मूलगामी वाटतात.

त्यांची खरी कसोटी ‘रफिकी’ने पाहिली. युगांडाच्या मोनिका अराक दे न्येको यांच्या, २००७ चे केन पारितोषिक मिळालेल्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात स्थानिक निवडणुकीतील दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या मुली, केना आणि झिकी, परस्परांच्या प्रेमात पडतात. रंगांची अशी उधळण आणि तारुण्याचा असा उल्हास क्वचित पाहायला मिळतो. २०१८ च्या कान महोत्सवात निवडला गेलेला केनियाचा हा पहिला चित्रपट. पण त्याचा तेथील खेळ होण्यापूर्वीच, एप्रिलच्या अखेरीस, केनियाच्या वर्गीकरण मंडळाने त्यावर बंदीचा हुकूम काढला. वानुरींच्या सांगण्यानुसार मंडळाला शेवट बदलून हवा होता. तो फार आशादायक आहे, त्यात पश्चात्ताप दिसावा, अशी ती मागणी होती. त्यांनी नकार दिला. प्रेम दाखवल्याचा अपराध कदाचित पोटात घातला गेला असता, पण त्या प्रेमाला शिक्षा न होणे अधिकाऱ्यांना सोसवेना, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी.

वानुरींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती विल्फ्रिडा ओक्वान्यी यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये सात दिवसांपुरती बंदी तहकूब केली. असा एक चित्रपट पाहून ज्याचा नैतिक पाया ढासळावा इतका केनियाचा समाज दुबळा असेल, हे त्यांना पटले नाही. त्या सात दिवसांत नैरोबीतील चित्रगृहात प्रेक्षकांची रीघ लागली. त्यानंतर बंदी पुन्हा अंमलात आली आणि २०२० साली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. दरम्यान, २०१९ साली वागादुगूच्या महोत्सवात केनाची भूमिका करणाऱ्या समांथा मुगात्सिया यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला, म्हणजे स्वदेशाने झाकून ठेवलेली कृती आफ्रिका खंडाने आपली म्हणून गौरवली.

आपला या कथेशी संबंध दूरचा नाही. केनियात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे, चौदा वर्षांच्या कैदेची तरतूद असलेले कलम आणि आपल्या तत्कालीन दंडसंहितेचे ३७७ वे कलम ही एकाच साम्राज्याच्या दफ्तरातून निघालेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ केले, त्याच महिन्यात नैरोबीत ‘रफिकी’ पडद्यावर आला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने हा विषय १९८१ सालीच मराठी रंगमंचावर आणला, त्या धैर्याचा मला अभिमान आहे. तरीही त्या नाटकातील मित्रा या नायिकेला शेवटी आत्महत्येचाच मार्ग उरला, आणि त्या काळी तो शेवट खराही होता. वानुरींच्या नायिकांना मात्र वियोगानंतर पुन्हा भेटीची शक्यता लाभते. या दोन शेवटांमधले अंतर आपल्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी मोजावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

पुढे वानुरींनी अमेरिकेत ‘लुक बोथ वेज’ हा हलकाफुलका चित्रपट केला. तो मला त्यांच्या आधीच्या कामाइतका मोलाचा वाटला नाही, हे सांगितले पाहिजे. म्हणून माझी सूचना ‘पुम्झी’ आणि ‘रफिकी’ यांच्यापुरती आहे: या परिषदेने दोन्ही चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांची तजवीज करावी, आणि रीतसर परवानगी मिळवून ते प्रथम जिल्ह्याच्या गावांतील मंडळांकडे पाठवावेत, पुण्यामुंबईकडे नंतर. तसा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.