चित्राला नंबर देताना

(पळसदेव येथील स्नेहमेळाव्यात, विद्यार्थ्यांच्या चित्रप्रदर्शनाच्या बक्षीस वितरणापूर्वी परीक्षक म्हणून केलेले भाषण)

सकाळपासून "सर, निकाल कधी?" असं विचारून मला भंडावून सोडणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

आमच्या बॅचमधले कुणी डॉक्टर झाले, कुणी वकील, कुणी चांगले बागायतदार. मी चित्रकलेचा मास्तर झालो, म्हणून परीक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. संयोजक म्हणाले, "अर्ध्या तासात नंबर काढा, मग जेवायला या." मला अडीच तास लागले. जेवण गार झालं त्याबद्दल स्वयंपाक करणाऱ्यांची माफी मागतो.

एवढा वेळ का लागला, ते सांगतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली आहे. कला संचालनालयाची परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. रंगाची पेटी, पाण्याचा डबा आणि पॅड सांभाळत एस.टी.तून परीक्षेच्या केंद्रावर जायचं, आणि उतरताना कुणाच्या तरी धोतरावर निळा रंग सांडायचा. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात; अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळे पालक अचानक चित्रकलेची चौकशी करू लागले. काही कलाशिक्षकांना याचा राग येतो. मला येत नाही. त्या ७ गुणांसाठी का होईना, ज्या घरात कधी ब्रश आला नव्हता तिथं आला.

पण श्रेणी वेगळी आणि नंबर वेगळा. श्रेणी देताना एक ठरलेलं माप असतं; शंभर मुलं त्या मापाला उतरली तर शंभरांना अ मिळते. नंबर देताना एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवावं लागतं. आणि खाली बसलेलं पोर घरी जाऊन रंगाची पेटी माळ्यावर टाकतं, हे मी पाहिलंय. टाकायला लावणारा मीच होतो.

बरीच वर्षं झाली. दुसऱ्या एका तालुक्यातल्या शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो. सातवीतल्या एका मुलानं तांब्याची घागर काढली होती. तिच्यावरचा उजेड असा पकडलेला, की माझा विश्वासच बसेना. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "घरी कोण चित्रकार आहे?" तो म्हणाला, "कुणी नाही." मी चित्र बाजूला काढून ठेवलं. नंबर दुसऱ्यालाच दिला. संध्याकाळी स्टँडवर चहा पिताना शाळेचे शिपाई भेटले. त्यांच्याकडून कळलं, मुलाचे वडील कल्हईवाले. पोरगं जन्मापासून भात्याशेजारी बसून भांड्यांची चमक बघत होतं. घागरीवर उजेड कसा पडतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम परत गेलो, माफी मागितली. तो खाली बघत म्हणाला, "असू दे सर." पुढं त्याचं चित्र मी कुठल्या स्पर्धेत पाहिलं नाही.

तेव्हापासून एक पद्धत ठेवलीय. शंका आली तर मुलाला बाजूला घ्यायचं, कागद-पेन्सिल द्यायची आणि म्हणायचं, "दहा मिनिटं समोरचं काहीही काढ." आरोप करायचा नाही. आजही दोघांना असं बसवलं. दोघांनीही स्वतःच काढलं होतं, उत्तम काढलं होतं.

आता आजच्या चित्रांबद्दल. नावं झाकलेली होती, मागे फक्त क्रमांक. पहिली फेरी मी गुण न देता मारतो, नुसता बघत चालतो. मग बाहेर जाऊन पाणी पितो आणि डोळ्यांसमोर कुठली चित्रं राहिलीत ते आठवतो. शिक्षकांनो, हे करून बघा. सफाईदार चित्रं बरीचशी तिथंच विरघळतात.

झोपाळ्यावर बसलेली मुलगी आणि मागे भलामोठा चंद्र, अशी पाच चित्रं होती. ती मोबाईलवरून आलीत, हे मुलांनाही माहीत आहे. ऑइल पेस्टल बोटानं पुसून रंग कसा मिसळायचा, एवढं त्यातून नक्की शिकता येतं, म्हणून रागावत नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, हेही होतंच. आपल्या सपाटीवर असले दोन डोंगर मला कुणी दाखवले, तर बक्षीस मी देईन.

आणि जवळजवळ एक तृतीयांश चित्रं पळसनाथाच्या जुन्या मंदिराची. साहजिक आहे. उजनीचं पाणी ओसरलं की उन्हाळ्यात ते वर येतं, आणि सगळा गाव बघायला जातो. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांचं तर घरदार त्या पाण्याखाली गेलंय. पण यातली बहुतेक चित्रं एकाच फोटोवरून काढलेली. तोच कोन, तेच ढग. १७ क्रमांकाचं मात्र वेगळं. त्यात मंदिर कोपऱ्यात, लहानसं. पुढं भेगा पडलेला गाळ, आणि एक आजी बोटानं गाळातली जागा दाखवतेय. शेजारचं पोर त्या जागेकडं बघत नाही, आजीच्या बोटाकडं बघतंय. शिखर थोडं कललेलं आहे, मलाही दिसतं. या चित्रासमोर दोन आजोबा बराच वेळ उभे होते, हेही मी पाहिलं. दुसरा क्रमांक या चित्राला.

मग पहिला कशाला? तर ४१ ला. कारखान्याच्या हंगामातली रात्र, महामार्ग, आणि पुढं चाललेली उसाची ट्रॉली, मागून बघितलेली. उसाची कापलेली टोकं, खाली लाल रिफ्लेक्टर, आणि चित्राच्या डाव्या कडेला मफलर गुंडाळलेला एक मोठा खांदा. म्हणजे हे पोरगं वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून बघत होतं. रात्रीचा काळा रंग बाटलीतला नाही, निळा आणि तपकिरी मिसळून केलाय, म्हणून तो खोल दिसतो. ट्रॉलीचं एक चाक अंड्यासारखं झालंय. होऊ दे.

मघाशी एका ज्येष्ठांनी मला प्रेमानं सांगितलं, "सर, मंदिराला पहिला द्या, गावाचा मान आहे. ट्रॉलीला कसला नंबर?" त्यांचा मान राखून सांगतो, मंदिर आपलं आहे तशी ती ट्रॉलीही आपलीच आहे. आणि तिच्या मागून जाताना जीव कसा मुठीत धरावा लागतो, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते कुणीतरी पहिल्यांदा कागदावर आणलं.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी निदेशक सांगितलाय, पण अंशकालीन. म्हणजे पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास कुणाच्या तरी सवडीवर चालतो. आपण निधी जमवतोय, त्यातून मोठ्या ढाली घेऊ नका. कागद घ्या, रंग घ्या, आणि बारा साध्या चौकटी करा. चित्रं गुंडाळून कपाटात गेली की वाळवी खाते. ही वर्षभर वऱ्हांड्यात राहू द्यात. पुढच्या वर्षी बदला.

नंबर न आलेल्या मुलांनी जेवण झाल्यावर आपापलं चित्र घेऊन माझ्याकडं यावं. मी पाच वाजेपर्यंत पिंपळाखाली बसणार आहे. प्रत्येकाशी बोलेन, घाई नाही.

४१ क्रमांक कुणाचा, हे मलाही अजून माहीत नाही. सर, ती चिठ्ठी उघडा.