गालाची हाडे वर येतात तेव्हा



कामगार संघटनेचा माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही माणसाच्या गालांवर बोलणार आहोत. चेहऱ्याचे स्नायू बदलले तर गालाची हाडे उठून दिसू लागतात काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. आम्ही वैद्य नव्हे; कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. परंतु कामगारांबरोबर इस्पितळांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि हाती येईल ते पुस्तक वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रश्न मुळात आमचा नाही. फाउंड्रीतल्या एका जुन्या कामगाराच्या घरी आम्ही गेलो होतो. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा उंबऱ्यापाशी बसून रबराचा एक गोळा दाढांखाली धरून चावीत होता. हे काय, म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, रोज अर्धा तास हे चावलं की गालाची हाडं वर येतात. मोबाइलवर सगळे तेच सांगतात." बाप रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याच्या बऱ्याच दाढा गेलेल्या, गाल आत ओढलेले. तो भिंतीला टेकून म्हणाला, "अरे, माझी बघ की. फुकटात वर आलीत!" आम्ही तिघेही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर ते हसू टिकले नाही. मुलाला जे हवे होते तेच बापाच्या तोंडावर होते, आणि बापाला ते नको होते. हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे.

डोळ्याखाली बाहेरच्या अंगास बोट ठेवा. जे टणक लागते त्यास शास्त्रात गंडास्थी म्हणतात. त्याच्यापासून हाडाची एक कमान कानाकडे जाते. माणसाची वाढ पुरी झाली की हे हाड कोणत्याही व्यायामाने पुढे सरकत नाही. मग ते उठून दिसते ते कशाने? त्याच्यावर आणि त्याच्याखाली काय आहे, यावरून. शेजारचे घर पडले की आपले घर उंच दिसू लागते, तसाच हा प्रकार आहे.

चेहऱ्यावर स्नायू दोन जातींचे आहेत. पहिली जात भाव दाखविणाऱ्या स्नायूंची. हे पातळ असतात, आणि दंडाच्या स्नायूसारखे हाडापासून हाडापर्यंत न जाता कातडीत जाऊन मिळतात. गंडास्थीवरून निघून ओठांच्या कोपऱ्याशी जाणारा स्नायू हा आपल्या हसण्याचा धनी. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने विजेचा सौम्य प्रवाह लावून हे स्नायू एकेक करून आकुंचित केले आणि १८६२ साली त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. डार्विनने १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांतली काही घेतली. ड्यूशेनने त्या प्रयोगांसाठी मुख्यतः कोण निवडला होता? दात गेलेला, सुकलेल्या चेहऱ्याचा एक म्हातारा. चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेली असल्यामुळे त्याला विजेची वेदना होत नसे, आणि अंगावर मांस नसल्यामुळे प्रत्येक स्नायूची हालचाल स्पष्ट दिसे. विज्ञानाला हसण्याचे मर्म समजले ते अशा एका खंगलेल्या चेहऱ्यावरून, हे आम्हांस विसरता येत नाही.

या स्नायूंचे महत्त्व पाहावयाचे असेल तर अर्धांगी चेहऱ्याकडे पाहावे. चेहऱ्याची नस एकाएकी सुजून बंद पडली की गालाची ती बाजू खाली ओघळते, ओठाचा कोपरा लोंबतो. हाड मात्र दोन्ही बाजूंस तेच असते. म्हणजे स्नायूंच्या ताणाने चेहऱ्याचे रूप बदलते, हे खरे. यांतले बहुतेक रोगी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात आणि गाल पुन्हा जागेवर येतो.

मग व्यायामाने निरोगी गाल आणखी वर येईल काय? अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१८ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस ते पासष्ट वयाच्या २७ स्त्रियांना गालाचे व्यायाम शिकविले. पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास, नंतर विसाव्या आठवड्यापर्यंत दिवसाआड. शेवटपर्यंत टिकल्या १६. त्यांची छायाचित्रे पाहून परीक्षकांनी गाल वरच्या आणि खालच्या भागांत थोडे भरल्याचा निर्वाळा दिला. परंतु व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांचा दुसरा गट तुलनेला नव्हता, म्हणून हा पुरावा नाजूक आहे. शिवाय शब्द नीट ऐका: गाल भरले. हाडे वर आली नाहीत. किंबहुना भरलेल्या गालात हाडाची कड झाकलीच जाते.

दुसरी जात चावण्याच्या स्नायूंची. दात घट्ट मिटा आणि जबड्याच्या कोनावर बोटे ठेवा. दंडाच्या बेटकुळीसारखा जो गोळा फुगतो तो चर्वणाचा मुख्य स्नायू. हा मात्र खरोखर वाढतो. पण तो वाढतो कोठे? वरचे टोक गालाच्या कमानीला असले तरी त्याचा फुगवटा येतो खाली, जबड्याच्या कोनाशी. त्यामुळे चेहरा खाली रुंद आणि चौकोनी होतो, आणि वरचे हाड तुलनेने दबते. चेहरा निमुळता करण्यासाठी डॉक्टर याच स्नायूत सुई टोचून तो दुबळा करतात. म्हणजे त्या मुलाचा रबराचा गोळा त्याला त्याच्या इच्छेच्या नेमक्या उलट्या दिशेला नेत होता; वर दाढांच्या आणि जबड्याच्या सांध्याला त्रास तो वेगळाच.

तेव्हा हाड उठून दिसावयाचे तर त्याच्याखाली खड्डा हवा. नाटकातल्या रंगभूषाकाराला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. गरीब बाप उभा करावयाचा असला की तो गालाच्या हाडाखाली गडद रंगाची रेघ ओढतो. प्रकाशयोजनाकार वरून दिवा सोडतो. तरणा नट उपाशी दिसू लागतो. पडदा पडला की तो तोंड धुतो आणि जेवावयास बसतो. ज्यांचा खड्डा तोंड धुतल्याने जात नाही, त्यांच्याकडे आता वळू.

खऱ्या आयुष्यात हा खड्डा काही ना काही गमावल्याने पडतो. गालात चरबीची एक गादी असते. बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. उपासमारीत आणि दीर्घ आजारात गालांवरची चरबी उतरते. दाढा गेल्या की गालाचा आधार जातो आणि जबड्याचे हाडही झिजते. कुपोषण ओळखताना डॉक्टर कानशिले बसली आहेत काय हे पाहतात, कारण तेथला चावण्याचा स्नायू वाळतो. क्षयरोग्याच्या चेहऱ्यावर आपण हे सारे एकत्र पाहतो. क्षयरोग्याच्या आहारासाठी सरकारने २०१८ साली दरमहा पाचशे रुपये देणे सुरू केले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार केले. औषधाबरोबर अन्न पोचले की गाल भरू लागतात, आणि तेथे गाल भरणे हा रूपाचा विषय उरत नाही.

आता जे सांगावयाचे त्यासाठीच आम्ही आज येथे आलो. स्नायूंतल्या बदलाने गाल आत जातात आणि हाडे वर दिसू लागतात, असा एक रोग आपल्या गावोगावी आहे. गुटखा आणि सुपारी यांनी तोंडाचे आतले अस्तर पांढरे आणि ताठ होते, त्याखाली जून दोरासारखे पट्टे तयार होतात. मग हळूहळू गालाचे स्नायूही आखडतात. तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही, तरुण माणसाचे गाल म्हाताऱ्यासारखे बसतात. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे आपण कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पाहावे.

परीक्षा सोपी आहे. आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन गेली तर बहुधा ठीक. दोनच गेली तर दाताच्या डॉक्टराकडे जावे.

त्या दिवशी आम्ही उंबऱ्यावरून परत फिरलो आणि बापाला ही परीक्षा करावयास लावली. दोन बोटे कशीबशी गेली. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तो वीस वर्षे गुटखा चघळीत होता. भट्टीपाशी डुलकी लागली तर माणूस जळतो. म्हणून तो जागा राहिला, आणि त्याची किंमत गालाने दिली. आम्ही वीस वर्षे त्याचे पगारपत्रक वाचीत होतो, त्याचा चेहरा वाचला नाही. ही चूक आमची, हे या सभेत सांगितलेच पाहिजे.

तपासणीत रोग निघाला, कर्करोग नव्हता. गुटखा सुटला. डॉक्टरांनी तोंड उघडण्याचा व्यायाम दिला आहे: लाकडी चपट्या पट्ट्या दातांमध्ये धरावयाच्या आणि दिवसेंदिवस एकेक वाढवावयाची. रबराचा गोळा आता घरात दिसत नाही. मुलगा बापासमोर बसून पट्ट्या मोजतो. चेहऱ्याचा एवढा उपयोगी व्यायाम आम्ही दुसरा पाहिलेला नाही. आणि आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात आता रात्रपाळीला दुसरा चहा आणि वर्षातून एकदा तोंडाची तपासणी, ही दोन कलमे आहेत. वरवर लहान, पण आम्ही ती सोडणार नाही.

तरुण मित्रांनो, गालाचे हाड आईबापांनी दिलेले आहे, ते तसेच राहणार. त्याखाली खड्डा पाडण्याची घाई करू नका. वय तो आपोआप पाडते. आणि थोरांनो, उद्या कामावर जाल तेव्हा शेजारच्या माणसाच्या गालांकडे जरा निरखून पाहा. ते बसलेले दिसले तर विचारा, "का रे, जेवतोस ना? तोंड उघडतं ना?" एवढे विचारल्याने एखादा माणूस वाचू शकतो.