ठिपक्यांची वही



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण सारे कांहीं ना कांहीं संकल्प करितों; परंतु मनांत ठेविलेला संकल्प बहुधा मनांतच विरून जातो. यास्तव तो वहींत उतरविणें इष्ट, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील रायडर कॅरल ह्यांनीं २०१३ सालीं ‘बुलेट जर्नल’ नामक पद्धति प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक कामापुढें ठिपका असतो. काम झालें म्हणजे त्यावर फुली पडते. महिना सरतां जें उरतें, तें खरोखर करण्याजोगें असेल तरच पुन्हां स्वहस्तें लिहावयाचें.

अशी वही आपणां कॅथलिकांस नवी नाहीं. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास पोप तिसरे पॉल ह्यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली. त्यांत एकेका दोषाच्या निर्मूलनाची रीत आहे: सकाळीं निश्चय करावा, दुपारच्या व रात्रीच्या भोजनानंतर आत्मपरीक्षण करून, जितक्या वेळां पतन झालें तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यावे, मग दिवसाशीं दिवस, आठवड्याशीं आठवडा ताडून पाहावा.

पहिल्या वहींत फुल्या वाढाव्या, दुसरींत ठिपके घटावे. सर्व कामें पार पाडणारा मनुष्यही घरीं कठोर शब्द बोलतो. तो शब्द पहिल्या वहींत दिसत नाहीं. म्हणून आमची विनंति इतकीच: ह्या ज्युबिली वर्षीं एकच दोष निवडा, एक पान त्यास द्या. ठिपके पुष्कळ पडले तरी पान फाडूं नका. तें पापनिवेदनास जातांना स्मरणास साह्य करील, आणि ठिपके घटले तर प्रभूचे आभार माना.